लोणपिंप्रीचं प्रकरण

दिपमालाने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने पुढे केला आणि उजवा हात पदराखाली घेतला.

सुलक्षणाबाईंनी तांब्या घेतला, त्या दोन घोट पाणी प्यायल्या, पण त्यांची नजर पदराच्या त्या उंचवट्यावरच राहिली. असं याआधी कधी झालं नव्हतं. दर वर्षी जानेवारीत कॉलेजची बस तापीचा पूल ओलांडून लोणपिंप्रीत यायची, शेवटच्या वर्षाची मुलं अंगणातल्या सतरंज्यांवर दाटीवाटीने बसायची, आणि दिपमाला ओट्याच्या कडेला बसून तो हात मांडीवर उताणा ठेवायची. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. मुलं आधी दुसरीकडे बघायची, मग चोरून, मग सरळ. सुलक्षणाबाई त्यांना तेवढा वेळ द्यायच्या आणि मगच बोलायला सुरुवात करायच्या.

“बरं नाही का?” त्यांनी हळूच विचारलं.

“बरी आहे ना, मॅडम. थंडी आहे जराशी.”

अंगण उन्हाने भरलं होतं. दिपमालाची सासू भिकुबाई आतून आणखी एक सतरंजी घेऊन आली आणि मुलांना हाताने खुणावू लागली.

“या रे बठ्ठा. उनमा बठा. आठे सावलीमा गार लागस.”

मुलं हसत उन्हात सरकली. दाराच्या आत, उंबऱ्यापलीकडे, दिपमालाची मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. बारावीला होती. सुलक्षणाबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. मुलीने पुस्तकातून डोकं वर केलं, पण हसली नाही.

डॉ. सुलक्षणा देवरे जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. मूळच्या सोनगीरच्या. बाया दिवसभर हाताने जे काम करतात ते थोडं हलकं करणारी यंत्रं, एवढाच त्यांचा संशोधनाचा विषय. शेंगा फोडायचं यंत्र, मिरचीचे देठ काढायचं यंत्र. मोठ्या कंपन्यांची कामं त्यांच्याकडे चालून आली तेव्हा त्यांनी ती शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांकडे धाडली. विद्यार्थ्यांना त्या सांगायच्या की ज्याच्यासाठी यंत्र करायचं त्याच्या ओट्यावर आधी तीन दिवस बसा, मग पेन्सिल उचला. खेड्यात गेल्या की त्यांची भाषा आपोआप बदलायची, कॉलेजातली मराठी गळून पडायची आणि आईची अहिराणी तोंडात यायची. बाया लगेच मोकळ्या व्हायच्या. बोली येते म्हणजे माणसं कळतात, असं त्यांना वाटत आलं होतं, आणि बरेचदा ते खरंही असायचं.

केळीच्या खोडापासून धागा काढायचं यंत्र त्यांनी बारा वर्षांपूर्वी लोणपिंप्रीच्या बचत गटाला दिलं होतं. घड कापून झाला की खोड बांधावर फेकलं जातं. त्याचे थर, म्हणजे सोपटं, सुटी करून एकेक यंत्राच्या तोंडात अर्धं घालायचं, आत फिरणाऱ्या पात्यांनी गर खरवडला की ओढून बाहेर काढायचं, मग दुसरं टोक घालायचं. पांढराशुभ्र धागा हातात येतो. गटातल्या सात बायांमध्ये दिपमाला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चपळ होती. यंत्र सुरू झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी तिचा हात आत गेला.

त्या दिवसानंतर सुलक्षणाबाई नऊ दिवस दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसल्या होत्या. यंत्र बंद करून त्यांनी ते परत आणलं आणि पुढे त्याचं तोंड लांब करून घेतलं. त्यावर लिहून तयार असलेला निबंध त्यांनी छापायला पाठवला नाही. त्याऐवजी एक पुस्तिका लिहिली, आपल्या विद्यार्थ्यांसाठी, अभियंत्याच्या जबाबदारीवर. तिचं पाचवं प्रकरण लोणपिंप्रीचं होतं. त्यात त्यांनी काहीही झाकलं नव्हतं. आराखड्याखाली सही कोणाची होती तेही लिहिलं होतं. ती पुस्तिका पुढे आणखी आठ-नऊ कॉलेजांत शिकवली जाऊ लागली. आणि दर जानेवारीत त्या मुलांना घेऊन इथे यायच्या. स्टाफरूममध्ये या सहलीला मॅडमचं नवस फेडणं म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही.

“पट्टी काढा,” त्या आता मुलांना म्हणाल्या. “स्वतःचा हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.”

पट्ट्या निघाल्या. मुलांनी एकमेकांचे हात मोजले. नवल नावाचा एक उंच मुलगा म्हणाला, “एकोणीस, मॅडम.”

“साडेसतरा,” रिद्धी म्हणाली. पहूरच्या एका किराणा व्यापाऱ्याची ही मुलगी वर्गात क्वचितच बोलायची, पण वहीत सगळं लिहून घ्यायची.

“यंत्राच्या तोंडापासून पात्यांपर्यंतचं अंतर होतं अकरा,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “अकरा सेंटीमीटर. हात साडेसतरा. हे अंतर हातापेक्षा मोठं हवं, एवढी साधी गोष्ट होती. आराखडा माझ्या विद्यार्थ्याने काढला होता, पण तपासणारी मी होते. सही माझी आहे. मी ते अंतर पाहिलं, आणि मला ते दिसलं नाही.”

मुलांनी पट्ट्या खाली ठेवल्या. दर वर्षी ठेवायची. घरामागे कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

“दिपमालाताईंना हे माहीत नव्हतं,” त्या पुढे म्हणाल्या. मुलांसमोर त्या तिला ताई म्हणायच्या. “त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला. यंत्र वापरणाऱ्याला धोका माहीत नसतो. तो माहीत असणं हे आपलं काम. हे एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी तुमचं आजचं येणं फुकट नाही.”

इथे त्यांचं बोलणं संपायचं. मग मुलं काही विचारायची, त्या उत्तरं द्यायच्या. मग चहा. नवलने विचारलं की तोंड लांब केल्यावर धाग्याचं उत्पादन कमी झालं का. त्यांनी सांगितलं, झालं, एक पंचमांश, आणि ते होऊ द्यायचं असतं. आणखी एकाने मोटारीबद्दल विचारलं. मग रिद्धीने हात वर केला.

“बोल.”

“मॅडम, मला ताईंना विचारायचंय.”

सुलक्षणाबाईंनी मान डोलावली. रिद्धी दिपमालाकडे वळली आणि जराशी अडखळली.

“ताई, त्या दिवसाच्या आधी तुम्हाला कधी काही जाणवलं होतं का? मशीनबद्दल?”

दिपमालाने आधी दाराकडे पाहिलं, जिथे मुलगी बसली होती. मग सुलक्षणाबाईंकडे.

“सांगू का, मॅडम?”

“सांग ना. तू सांगायलाच हवं.”

“जाऊ दे ना, माय,” भिकुबाई चुलीकडून पुढे आली. “इतली दूरथून उनात त्या. चाय ठेवेल शे मी.”

“उकळू द्या चाय,” दिपमाला सासूला म्हणाली. मुलांशी ती नेहमी सावकाश, शाळेतली मराठी बोलायची. आताही तिने तशीच सुरुवात केली. “मला माहीत होतं. मॅडम म्हणतात, माहीत नव्हतं. तसं नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं. सोपट ओलं असतं, चिकट असतं. ते मशीन आत खेचतं आणि आपण बाहेर खेचायचं. नुसतं धरलं तर सटकून जातं. मग हाताला गुंडाळावं लागतं. गुंडाळलं की हात पण ओढला जातो. हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. मी सांगितलं पण होतं.”

“कुणाला?” रिद्धीने विचारलं. तिचं पेन वहीवर थांबलं होतं.

दिपमालाने सुलक्षणाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादी वस्तू परत करताना माणूस बघतं तशी ती बघत होती.

“मॅडमले,” ती म्हणाली. शाळेतली मराठी संपली होती. “ज्या दिन मशीन चालू करं ना, त्या दिन. मी म्हनं, मॅडम, हाई ओढस. हातले गुंडाळनं पडस. तर त्या हसनात. मन्हा पाठवर हात ठेवा आनि म्हनात, घाबरू नको, माय. सवय व्हई जाई.”

रिद्धीने पेन वहीवर आडवं ठेवलं.

सुलक्षणाबाई ओट्यावर बसून होत्या. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. चाचणीचा दिवस आठवत होता, शेड, विजेची लोंबती तार, नारळ फोडला होता तो, पहिला धागा सगळ्या बायांनी गालाला लावून पाहिला होता. हे वाक्य आठवत नव्हतं. दिपमाला काही म्हणाल्याचंही आठवत नव्हतं. नाही, असं झालं नव्हतं, हे शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आले.

पण ‘सवय व्हई जाई’ हे त्यांच्या आईचं वाक्य होतं. सोनगीरला डोक्यावरचा हंडा जड वाटला, विळ्याने बोट कापलं, सासरी करमत नाही असं बहीण रडून म्हणाली, की आई हेच म्हणायची, पाठीवर हात ठेवून, याच सुरात. त्या स्वतः ते वाक्य वाटेल तिथे वापरायच्या. दिपमालाला ते दुसऱ्या कुणाकडून मिळण्यासारखं नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं.

“चाय लई ये वं,” भिकुबाईने आत हाक मारली. मुलगी उठली आणि कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांना चहा दिला. सुलक्षणाबाईंपुढे आली तेव्हा तिने ट्रे जरा जास्त वेळ धरून ठेवला.

चहा झाल्यावर मुलं जुनी शेड बघायला गेली. तिथे आता कडबा आणि ठिबकच्या नळ्या होत्या, पण दर वर्षी जायचं म्हणून गेली. सुलक्षणाबाई कप उचलून आत गेल्या. दिपमाला मोरीपाशी भांडी विसळत होती. उजव्या हाताने ती भांडं अंगठा आणि करंगळीत धरायची आणि डाव्याने घासायची. आता हात पदराबाहेर होता.

सुलक्षणाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“दिपमाला, मला खरंच आठवत नाही गं.”

“माहीत आहे मला,” दिपमाला मागे न बघता म्हणाली. “दवाखान्यातच कळलं होतं. तुम्ही रडत रडत म्हणायच्या, अंतर चुकलं, अंतर चुकलं. मी वाट बघायची, आता म्हणतील, आता म्हणतील. मग वाटलं, एवढी मोठी बाई नऊ दिवस आपल्या उशाशी बसली. कुठे बोलायचं.”

“मग आज?”

दिपमालाने नळ बंद केला. पदराला हात पुसले.

“मागच्या वर्षी तुमचा एक पोरगा तुम्ही लिहिलेलं ते पुस्तक विसरून गेला इथे. पोरीने वाचलं. दोन-तीन दिवस गप्प गप्प होती. मग मला म्हणते, आई, एवढं फिरतंय समोर, तुला कळलं नाही का हात जाईल म्हणून?” ती थांबली. “तुम्ही दर वर्षी येतात, मुलांना सांगतात, चूक आमची, हिला काही माहीत नव्हतं. तुम्ही चांगल्या मनाने सांगतात. पण माझी पोर दारात बसून ऐकते ना, मॅडम. पाच वर्षांची होती तेव्हापासून. तिला वाटतं, आपली आई येडी होती.”

सुलक्षणाबाईंनी हातातले कप मोरीच्या कठड्यावर ठेवले. एक कप नीट बसला नाही, कलंडला, दिपमालाने तो डाव्या हाताने सावरला.

“हात गेला त्याचं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “तो गेला. गटात सहा जणी अजून होत्या, त्यांच्यातून वेगळं पडायला नको म्हणून त्या दिवसानंतर मी बोलले नाही, तो दोष माझा. पण मला माहीत होतं. एवढं तरी माझं राहू द्या.”

बाहेर मुलांचे आवाज परत येत होते.

“पुढच्या वर्षी मुलं नका आणू,” दिपमाला म्हणाली. “तुम्ही या. जेवायलाच या. हात ज्याला दाखवायचा त्याला मी दाखवीन.”

परतीच्या बसमध्ये सुलक्षणाबाई नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या आणि पूल लागला की उभ्या राहून मुलांना एक प्रश्न विचारायच्या: तुम्ही असता तर आराखड्यात काय बदललं असतं? मग जळगाव येईपर्यंत वाद चालायचा. आज पूल आला आणि गेला. तापीचं पाणी खाली उतरलं होतं, वाळूत कुणी टरबुजं लावली होती. झुलाल, कॉलेजचा जुना ड्रायव्हर, त्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि रेडिओ लावला नाही.

थोड्या वेळाने रिद्धी पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

“मॅडम, मी विचारायला नको होतं.”

“का?”

“सगळ्यांसमोर... तुम्हाला...”

“तू जे विचारलंस ते मी बारा वर्षांत विचारलं नाही,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “रडू नकोस. डोळे पूस.”

रिद्धीने ओढणीने डोळे पुसले. मग तिने आवाज अगदी खाली आणून विचारलं, “पण त्यांनी खरंच सांगितलं होतं का? म्हणजे एवढ्या वर्षांनी माणसाला वाटू शकतं ना, की आपण सांगितलं होतं.”

बस धरणगाव रस्त्याच्या फाट्यावर थांबली होती. कापसाच्या गाठींचा एक ट्रक हळूहळू वळत होता. सुलक्षणाबाईंना दिसत होतं की ही मुलगी त्यांना एक वाट काढून देते आहे. ती वाट चांगली होती, तर्कात बसणारी होती, आणि त्यांच्यावरच्या मायेने दिलेली होती.

“मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “तिला आठवतं.”

ट्रक वळून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुलक्षणाबाई कॉलेजात गेल्या, शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि जुन्या नोंदवह्या ठेवलेलं लोखंडी कपाट रिकामं केलं. लोणपिंप्रीची वही सापडायला तास लागला. चाचणीच्या दिवसाचं पान होतं. मोटारीचे फेरे, तासाला किती सोपटं, धाग्याचं वजन ओलं आणि वाळलेलं, सगळं त्यांच्याच नेटक्या अक्षरात, दोन ठिकाणी खाडाखोड करून पुन्हा मोजलेलं. मोजल्याशिवाय लिहू नका, असं त्या वर्गात सांगायच्या, आणि स्वतः तसंच करायच्या. पानाच्या तळाशी एक चौकट होती: वापरणाऱ्यांचे अभिप्राय. सात जणींसाठी सात ओळी आखलेल्या होत्या. त्या सातही ओळींवरून एक लांब महिरपी कंस काढला होता आणि त्याच्यासमोर एकच शब्द लिहिला होता. समाधानकारक.

त्या बराच वेळ तिथे स्टुलावर बसल्या. खिडकीतून वसतिगृहाच्या मैदानावर क्रिकेट चाललेलं ऐकू येत होतं. त्यांनी तो शब्द खोडला नाही. वही मिटली, पिशवीत घातली आणि घरी आल्या.

पाचवं प्रकरण त्यांनी तीन आठवडे लिहिलं. नव्याने लिहायचं म्हणून बसल्या, पण हात पुन्हा पुन्हा अकरा सेंटीमीटरवर जायचा. ती चूक लिहायला सोपी होती. तिला आकडा होता, आकृती होती, ती दुरुस्त करता येत होती आणि त्यांनी ती केलीही होती. ती चूक मोठ्याने कबूल केल्यावर मुलं त्यांच्याकडे अधिकच आदराने बघायची, हेही त्यांना आता दिसलं, आणि ते दिसल्यावर त्या दिवशी पुढे एक ओळही लिहवली नाही. एकदा त्यांनी सगळं नव्या संशोधनाच्या भाषेत मांडून पाहिलं. वापरकर्त्यांचा सहभाग, अभिप्रायाची पद्धत. वाचून पाहिलं आणि पानं फाडली.

शेवटी जे राहिलं ते जेमतेम दीड पान होतं. मधला परिच्छेद असा होता:

‘यंत्र वापरणाऱ्या दिपमाला यांना धोक्याची पूर्ण कल्पना होती. ओले सोपट हाताभोवती गुंडाळल्यावाचून धरता येत नाही आणि गुंडाळल्यास हात ओढला जातो, हे त्यांनी चाचणीच्या दिवशी या लेखिकेला सांगितले होते. लेखिकेने ते ऐकले नाही. लेखिकेला हे आठवत नाही. दिपमाला यांना आठवते, म्हणून ते येथे लिहिले आहे.’

पुस्तिका छापायला देण्याआधी ते पान त्यांनी दिपमालाच्या मुलीच्या फोनवर पाठवलं. सोबत लिहिलं: आईला वाचून दाखव. तिला चालेल तसंच छापेन. नको असेल तर छापणार नाही.

चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्या खोलीत एकट्या होत्या, पुढच्या तासाची तयारी करत होत्या, तेव्हा फोन वाजला.

“मॅडम, मी बोलतेय. लोणपिंप्रीहून.” मुलीचा आवाज त्यांनी याआधी कधी इतका ऐकला नव्हता. “आईला वाचून दाखवलं. तीन-चार वेळा वाचून घेतलं तिने.”

“काय म्हणाली?”

“बरोबर आहे म्हणाली. छापा म्हणाली.” मुलगी थांबली. मागे कुणीतरी तिला काही सांगत होतं. “फक्त एका ठिकाणी चुकलंय. तुम्ही लिहिलंय, चाचणीच्या दिवशी सांगितले होते. आई म्हणते, एकदा नाही. दोनदा सांगितलं होतं.”

“दोनदा?”

“एकदा मशीनपाशी, ते तुम्हाला सांगितलंच तिने. आणि एकदा तुम्ही निघाल्या तेव्हा. तुम्ही जीपमध्ये बसल्या होत्या, काच वर होती. ती पळत आली आणि काचेवर हात मारून सांगत होती. तुम्हाला ऐकू गेलं नसेल, म्हणते.”

सुलक्षणाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

हे मात्र त्यांना आठवत होतं. संध्याकाळ व्हायला आली होती. जीप सुरू झाली होती आणि एक तरुण बाई शेडमधून धावत आली, काचेवर तळहात आपटत जीपबरोबर चार पावलं चालली, तोंडाने काहीतरी बोलत. इंजिनाच्या आवाजात काही कळलं नव्हतं. किती माया लावली या बायांनी, असं त्यांना वाटलं होतं, आणि निरोपाला आली म्हणून त्यांनी आतून हसून हात हलवला होता. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. काचेवरचा तो ठसा झुलाल कितीतरी दिवस फडक्याने घासत होता. पाचही बोटं उमटली होती.

“मॅडम? आवाज येतोय ना?”

“येतोय.”

त्यांनी पाचव्या प्रकरणाचं ते पान पुढे ओढलं. ‘चाचणीच्या दिवशी’च्या पुढे खूण केली आणि ओळीच्या वर एक शब्द लिहिला. अक्षर वाकडं आलं. तो खोडून त्यांनी पुन्हा नीट लिहिला.

“वाचून दाखवता का?” मुलगी म्हणाली. “आई इथेच आहे. स्पीकरवर टाकते.”

फोनमध्ये खरखर झाली. मग कुठेतरी कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. सुलक्षणाबाईंनीही फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि चष्मा नीट केला. पान दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते वाक्य सुरुवातीपासून वाचलं, वर्गात वाचायच्या तसं नव्हे, एकेक शब्द सुटा करून, पलीकडच्या बाईला प्रत्येक शब्द तपासून घेता यावा असं.

“...हे त्यांनी चाचणीच्या दिवशी दोनदा या लेखिकेला सांगितले होते.”

पलीकडे कोंबडी पुन्हा ओरडली.

“हां,” दिपमालाचा आवाज आला. “आते बरोबर शे.”